खोलीतला आवाज

बाइंडरच्या दुकानाच्या दाराला आतल्या बाजूने एक खिळा होता. त्यावर लाल फीत लटकत असे. मोठ्या वह्यांत खूण म्हणून घालतात तसली, हातभर लांब. फीत खिळ्यावर असेल तर दुकान उघडं, या, बसा, बोला. फीत बाहेरच्या कडीला बांधलेली दिसली तर आत क्रिकेटचा सामना ऐकला जातो आहे, टेप फिरते आहे, आणि कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, कडी वाजवायची नाही. गल्लीला हे पाठ होतं. पोस्टमन पत्रं दाराखालून सरकवून जाई. समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर चपला हातात घेऊन आत येई आणि पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसे. एकदा पुठ्ठे करकरले म्हणून बाइंडरने त्याला नुसत्या बोटाच्या खुणेने उठवलं होतं, आणि तो सामना संपेपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिला होता.

हा सगळा बंदोबस्त एका माणसाच्या आवाजासाठी होता. तो माणूस एकतीस वर्षं रेडिओवरून सामन्यांचं धावतं वर्णन सांगत होता. त्याला नावगाव होतं, पण ऐकणारे त्याला मामा म्हणत. सुरुवात कोणी केली हे सांगता येणार नाही. सामन्याच्या वेळी घरातला बाप कोणाला जवळ करत नसे, तेव्हा पोरं रेडिओलाच विचारत, ‘मामा, किती झाले?’ आणि मामा सांगत. दर पाच-सात मिनिटांनी ते म्हणत, ‘आत्ताच कामावरून आलेल्यांसाठी सांगतो,’ आणि धावा, बळी, कोण खेळतंय, कोण टाकतंय, सगळं पहिल्यापासून शांतपणे मांडत. हे एक वाक्य ऐकण्यासाठी लोक कामावरून वेळेत निघत. टीव्ही आला तेव्हा या गल्लीने टीव्हीचा आवाज बंद केला आणि शेजारी रेडिओ लावला. पुढे डिश आली तेव्हा चित्र जरा मागून येई. पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असे आणि मामा म्हणत, ‘गेला.’ चहावाला छातीठोकपणे सांगायचा, ‘बघा, आपल्या मामाला आधीच कळतं.’

पण मामांची खरी ओळख बोलण्यात नव्हती, थांबण्यात होती. मोठा बळी पडला की बाकीचे निवेदक ओरडत. मामा ‘गेला’ एवढं म्हणून गप्प बसत आणि मैदान ऐकू देत. बाइंडर हा थांबा घड्याळ लावून मोजत असे. नऊ सेकंद, अकरा सेकंद. सगळ्यात मोठा बावीस सेकंदांचा होता, एका अंतिम सामन्याच्या शेवटच्या चेंडूनंतरचा. बावीस सेकंदांनी मामा म्हणाले होते, ‘मंडळी, मी आता काय सांगू? तुम्ही ऐकलंतच.’ हे वाक्य त्यानंतर लग्नात, निकालात, आजाऱ्याच्या खाटेजवळ, कुठेही म्हटलं जाऊ लागलं.

बाइंडर तेव्हा चाळिशीच्या आतला होता. दुकान पुढे, घर मागे. मध्ये नुसता पडदा. दुकानात लोखंडी दाबयंत्र, पाती बदलून बदलून वापरलेलं कटिंग मशीन, खळीचं पातेलं आणि फळीवर रेडिओ. कचेऱ्यांच्या नोंदवह्या, वकिलांची पुस्तकं, विद्यार्थ्यांचे प्रबंध असं काम येई. माणूस काटेकोर. एका प्रबंधात पान एकशे सदतीसनंतर थेट एकशे एकोणचाळीस आलं आहे, हे लिहिणाऱ्याला, शिकवणाऱ्याला आणि दोन तपासनिसांना कळलं नव्हतं. बाइंडरला ते कळलं आणि त्याने प्रबंध न शिवता परत पाठवला. मामांनाही त्याने एकदा पत्र लिहिलं होतं: ‘कालच्या सामन्यात तुम्ही तिसरा झेल सुटला म्हणालात. तो चौथा होता.’ उत्तरादाखल पोस्टकार्ड आलं. ‘तुमची दुरुस्ती बरोबर आहे. हिशेब ठेवणारं कोणी आहे म्हणून आम्ही सांभाळून बोलतो.’ हे पोस्टकार्ड त्याने फ्रेम केलं नाही, कशावर चिकटवलंही नाही. चिकटवलं की मागची बाजू मरते, असं त्याचं म्हणणं. त्याने त्याला मापाची कापडी पेटी केली.

तशाच पेट्या त्याने कॅसेटींना केल्या होत्या. एकूण दोनशे बारा कॅसेटी, बारा-बाराच्या पेट्या, पाठीवर आकडे. रेडिओतून टेपरेकॉर्डरमध्ये वायरने आवाज घ्यायचा प्रयत्न त्याने सुरुवातीला केला, पण घूंऽऽ असा आवाज येई. मग त्याने टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडासमोर ठेवला, खाली घडी घातलेली घोंगडी, मध्ये एक वीत अंतर. मामा स्वच्छ येत. पण खोलीत जे काही होई तेही येई. म्हणून लाल फीत.

फितीचा खरा भार गल्लीवर नव्हता. तो बायकोवर होता.

छापील पानांच्या घड्या दोऱ्याने एकात एक शिवण्याचं काम ती करत असे, रेडिओपासून चार हातांवर, खिडकीखाली. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने गल्लीतल्या पोरांना ‘मामा, मामा’ करताना ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाली, ‘पोरांचा मामा म्हणजे माझा भाऊच झाला की हो. माहेरचं माणूस घरात येऊन दिवसभर बोलणार आणि मी तोंडाला कुलूप लावायचं?’

‘सामना संपला की बोल.’

‘संपला की तो जातो निघून. मग कोणाशी बोलू, तुमच्याशी?’

पण कुलूप तिने लावलं. दोन बोटं म्हणजे चहा. मूठ म्हणजे दोरा संपला. तळहात उपडा म्हणजे पोर झोपली आहे. कात्रीचा आवाज येतो म्हणून टेप फिरत असताना ती दोरा दातांनी तोडी. पुढच्या एका दाताला त्यापायी बारीक खाच पडली होती. हसली की दिसायची.

कॅसेटींची सूची एका चामडी पाठीच्या वहीत होती. रकाने पाच: क्रमांक, तारीख, सामना, लांबी, दोष. दोषाच्या रकान्यात बाइंडरने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: ‘हॉर्न.’ ‘बाहेर भांडण.’ ‘कंपाउंडरची शिंक.’ कंपाउंडरला हे दाखवल्यावर तो म्हणाला, ‘चला, मेल्यावर एवढं तरी मागे राहील.’

बायको गेली ती सकाळी अकराच्या सुमारास, शिवताना. डोकं पुढे झुकलं. दोरा ओवायला वाकली असेल असं त्याला वाटलं, आणि त्याने हातातला पुठ्ठा कापून पुरा केला. डॉक्टर समोरच होते, तरी उपयोग झाला नाही. तिच्या हातात कचेरीची एक जाड नोंदवही होती, निम्मी शिवलेली. ती उरलेली त्याने शिवली आणि पोहोचवली. तिची शिवण कुठे संपते आणि त्याची कुठे सुरू होते हे त्या कचेरीत कोणाला कळण्याचं कारण नव्हतं.

दोन महिन्यांनी लेक आली. ती बसने सहा तासांवरच्या गावी रुग्णालयात परिचारिका आहे. आल्या आल्या तिने कपाट उपसलं, ट्रंक उपसली, आणि शेवटी खिडकीखाली येऊन बसली.

‘बाबा, आईचा आवाज आहे का हो कुठे?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे आवाज. बोललेलं. माझ्या लग्नाच्या फिल्ममध्ये आहे ती, पण त्या शहाण्याने सगळ्यावर बँड घातलाय. आई काहीतरी बोलतेय, ओठ हलतायत, आणि वर पिपाणी.’

लेकीची नजर पेट्यांकडे गेली.

‘दोनशे कॅसेटी भरल्यात तुम्ही या खोलीत. ती सगळा वेळ इथंच बसलेली होती.’

‘दोनशे बारा,’ तो म्हणाला. सवयीने म्हणाला. लेक उठून आत गेली.

त्यानंतर ती महिन्यातून एकदा फोन करी, औषधं विचारी. आवाजाचं तिने पुन्हा काढलं नाही.

मामा गेले तेव्हा बाइंडरची बायको जाऊन चौदा महिने झाले होते. बातमी कंपाउंडरने आणली. दारातच थांबून तो म्हणाला, ‘मामा गेले.’

चहावाला ग्लास गोळा करत होता. ‘कोणाचे?’

‘आपले रे.’

चहावाल्याने ग्लास खाली ठेवले. पोस्टमन सायकल लावून आत आला. चौघं जण बसले, जणू फीत कडीला बांधली आहे. मग पोस्टमन म्हणाला, ‘माझं लग्न ठरलं त्या दिवशी मी मुलगी बघायला गेलो होतो. तिच्या घरी रेडिओ चालू होता. मी मुलगी बघितलीच नाही.’

‘तिनेही तुला नीट बघितलं नसणार,’ चहावाला म्हणाला. ‘नाहीतर जमलं असतं का?’

हसले. मग कंपाउंडर डोळे पुसू लागला.

तिसऱ्या दिवशी रेडिओवर निवेदन आलं. पुढच्या महिन्यात एका रविवारी चार वाजता मामांच्या स्मरणार्थ कार्यक्रम होणार होता. पण बावीस सेकंदांच्या त्या अंतिम सामन्याचा शेवटचा तास केंद्राच्या संग्रहात नव्हता. त्या काळी टेपा पुसून पुन्हा वापरत. कोणा श्रोत्याकडे ध्वनिमुद्रण असेल तर त्यांनी आणून द्यावं.

‘म्हणजे मामांच्या आवाजावर यांनी भाजीचे भाव भरले?’ चहावाला भडकला.

‘भाव तरी बरे,’ कंपाउंडर म्हणाला. ‘हवामान भरलं असेल. तेही चुकीचं.’

मग तिघांनी बाइंडरकडे बघितलं. बाइंडरने सूची आधीच उघडली होती. पेटी नऊ, कॅसेट चार. लांबी साठ मिनिटं. दोषाच्या रकान्यात, एकोणतीस वर्षांपूर्वीच्या लाल शाईत: ‘खोलीतला आवाज. ४८ व्या मिनिटाला.’

हे त्याने लिहिलं होतं खरं, पण कशाबद्दल ते आठवेना. देण्याआधी एकदा वाजवून बघावं म्हणून ते तिघे गेल्यावर त्याने टेपरेकॉर्डर खाली काढला. यंत्राचे पट्टे सैल झाले होते. आवाज आधी जाड आला, मग सावकाश मामांचा झाला. बाइंडर हातातलं काम न सोडता ऐकत होता. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला शेवटचा फलंदाज बाद झाला. ‘गेला,’ मामा म्हणाले आणि थांबले. मैदान उसळलं. त्या लाटेवर, अगदी जवळून, खिडकीखालून, त्याची बायको म्हणाली:

‘दम घे रे दादा. पाणी पी.’

आणि लगेच, त्याहून जवळून, कोणीतरी ‘शूऽऽ’ केलं. ते त्याचं स्वतःचं होतं.

मग त्याला सगळं आठवलं. ती रेडिओशी बोलली होती. तासभर एका दमात बोलणारा माणूस थांबला, तेव्हा तिला त्याची दया आली असावी. त्या एका वाक्याने सगळ्यात मोलाची कॅसेट नासली म्हणून बाइंडर दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवायला वाढताना ती म्हणाली होती, ‘नऊ वर्षं गप्प बसले त्याची नोंद नाही कुठे. एकदा बोलले ती बरी लगेच झाली.’

यंत्र कुरकुरलं. टेप आत गोळा होऊ लागली होती. त्याने झटकन बंद केलं, स्क्रू काढले, गुंता सोडवला, आणि कागदाची घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीने टेपची सुरकुती एकेक बोटभर सरळ केली. या कामाला अर्धा दिवस गेला. टेपवरचा तपकिरी थर बोटाला लागत होता. पुन्हा वाजवायची त्याची छाती झाली नाही.

त्याने लेकीला फोन केला. तिच्या मागे वॉर्डातला गलका होता.

‘सापडला,’ तो म्हणाला.

‘काय सापडलं?’

‘आईचा आवाज.’

गलका लांब गेला, दार लागल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, ‘फोनवर लावा. आत्ता.’

‘टेप अडकतेय. एकदाच कशीबशी फिरेल ती, इथे नको. केंद्राकडे चांगली यंत्रं आहेत. ते उतरवून घेतील, मग तुला पाहिजे तेवढ्या वेळा ऐक.’

‘काय म्हणतेय ती?’

‘ऐकशीलच.’

‘बाबा, सांगा ना.’

‘मी सांगून काय होणार? तू तिच्या तोंडून ऐक.’

केंद्रावर एका लांब टेबलाशी सात-आठ माणसं पिशव्या घेऊन बसली होती. कोणी सामन्यांची तिकिटं आणली होती, कोणी पत्रं. एका निवृत्त शिक्षिकेने मामांच्या आवाजाची चाल लागावी म्हणून आपल्या वर्गाला धडे त्यांच्यासारखे वाचायला लावले होते. तिला तेच सांगायचं होतं. ध्वनिमुद्रक पांढऱ्या केसांचा, गळ्यात हेडफोन अडकवलेला, निवृत्तीला वर्ष राहिलेला माणूस होता. मामांच्या खोलीच्या काचेपलीकडे तो एकोणीस वर्षं बसला होता. कॅसेट त्याने दोन्ही हातांत घेतली.

‘तुम्हाला कल्पना आहे का, हे काय आहे?’

‘आहे,’ बाइंडर म्हणाला.

‘त्या दिवशी मी रजेवर होतो. बहिणीचं लग्न. आजतागायत माफ केलेलं नाही मी तिला.’ त्याने टेप उजेडात धरली. ‘थर सुटलाय. ही एकदाच फिरणार. पण काळजी करू नका, मी जिवापाड करतो.’

बाइंडरला सांगायचं होतं. वाक्यही त्याने घरून ठरवून आणलं होतं. पण टेबलाभोवती माणसं होती, शिक्षिका मान वळवून ऐकत होती, आणि आपल्या बायकोबद्दल परक्यांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती. ती असताना नव्हती, आता कुठून येणार? तो एवढंच म्हणाला, ‘जे आहे ते सगळं घ्या. आणि उतरवलेलं एक मला द्या.’

‘सगळंच घेणार. एक शब्द सोडणार नाही मामांचा.’

कॅसेटबरोबर चिठ्ठी होती. बाइंडर कुठलंही काम चिठ्ठीशिवाय देत नसे. सूचीतली ओळ त्याने सुवाच्य अक्षरात जशीच्या तशी उतरवली होती: क्रमांक, तारीख, सामना, लांबी, दोष.

त्या रविवारी लेक सकाळच्या बसने आली. दुपारी साडेतीनला दुकान भरलं. कंपाउंडर पुठ्ठ्यांवर, पोस्टमन दाबयंत्राला टेकून, चहावाला उंबऱ्यावर. लेक खिडकीखाली, आईच्या जागी. तिने मोबाइल समोर ठेवला होता, आवाज भरायला. बाइंडरने खिळ्यावरची फीत काढली, बाहेरच्या कडीला बांधली आणि दार लोटलं. आईचा आवाज येणार आहे हे तिघांना कोणी सांगितलं नव्हतं.

मामा आले. स्वच्छ, जवळ, कुठे खरखर नाही. ‘आत्ताच कामावरून आलेल्यांसाठी सांगतो.’ चहावाल्याने मान खाली घातली. षटक संपलं, दुसरं सुरू झालं. बाइंडरचा हात घड्याळावर होता. लेक त्याच्याकडे बघत होती. त्याने मानेने खुणावलं, आता.

‘गेला,’ मामा म्हणाले.

मैदान उसळलं. चार सेकंद, पाच, सहा. नुसतं मैदान, हजारो माणसं. आणि मग त्या गर्दीत एकच, हळू, लांबलेला ‘शूऽऽ.’ त्यानंतर पुन्हा मैदान. बावीस सेकंद झाले. ‘मंडळी, मी आता काय सांगू? तुम्ही ऐकलंतच.’

कंपाउंडर हुंदके देत होता. चहावाला दबक्या आवाजात म्हणाला, ‘ऐकलंत का? गर्दीतला कोणीतरी शू म्हणाला. मामा थांबलेत म्हणून. काय मान आहे बघा! हजारोंच्या गर्दीत एकाला तरी कळत होतं.’

‘मैदानात मामा कुठे ऐकू येतात रे?’ पोस्टमन म्हणाला.

‘ऐकू कशाला यायला पाहिजे? कळतं.’

लेकीने मोबाइल बंद केला. ‘बाबा,’ ती म्हणाली, ‘हा तर तुमचा आवाज.’

बाइंडर उठला आणि त्याने रेडिओ बंद केला. कार्यक्रम अजून चालू होता. तिघांनी एकमेकांकडे बघितलं, चपला घेतल्या आणि ते बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी दोघं केंद्रावर गेली. ध्वनिमुद्रकाचे डोळे लाल होते आणि तो खुशीत होता. सकाळपासून चाळीसहून जास्त फोन आले होते, सगळे त्या ‘शू’बद्दल विचारत होते.

‘चार दिवस बसलो,’ तो म्हणाला. ‘तुम्ही मिनिट लिहून दिलं होतं म्हणून सोपं गेलं. मामांच्या थांब्यावरच नेमकी कोणी बाई बोलली होती. काढली. असली काढली की तुम्हालाही कळायचं नाही. त्या शू-ला मात्र हात लावला नाही. तो आवाज गर्दीतला होता. इतका छान बसला होता की काढवेना.’

लेक म्हणाली, ‘आधीचं कुठाय? साफ करायच्या आधीचं?’

‘उतरवून घेतलं त्याच फाइलवर काम करत गेलो ना. वेगळं कशाला ठेवू, दोषाचं?’ त्याने खणातून झिपच्या पिशवीत ठेवलेली कॅसेट काढून दिली. टेप दोन ठिकाणी तुटली होती. तपकिरी भुकटी पिशवीत तळाशी जमली होती. ‘फिरली मात्र पुरी. मामांचं एक अक्षर गेलं नाही.’ मग त्याने लेकीच्या तोंडाकडे बघितलं, आणि बाइंडरच्या. ‘का हो? कोण होत्या त्या?’

‘माझी आई,’ लेक म्हणाली.

ध्वनिमुद्रकाने गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग त्याने बाइंडरची चिठ्ठी पुढे सरकवली. आपली बाजू मांडायला नव्हे, दुसरं काही दाखवण्यासारखं नव्हतं म्हणून. ‘तुम्हीच लिहिलं होतं, दोष.’

‘हो,’ बाइंडर म्हणाला. ‘मीच लिहिलं होतं.’

परत येताना दोघं चालत आली. वाटेत एका दुकानात पुन:प्रसारण चालू होतं. मामा थांबले, शू झालं, आणि आतली दोन माणसं कौतुकाने हसली. घरी आल्यावर लेकीने चहा टाकला. कप त्याच्यासमोर ठेवून ती म्हणाली, ‘आता तरी सांगा. काय म्हणाली होती?’

‘दम घे रे दादा. पाणी पी.’

‘मामांना?’

‘मामांना.’

ती हसली. मग म्हणाली, ‘कशी म्हणाली? दमून म्हणाली असेल. संध्याकाळ व्हायची, बोटं सुजलेली असायची तिची. स्वतःला तहान लागली की ती दुसऱ्याला पाणी विचारायची.’

‘नाही. हसत म्हणाली.’

‘तुम्ही एकदाच ऐकलंत बाबा.’

‘दोनदा. एकदा तेव्हा.’

‘तेव्हा तुम्ही ऐकलंत?’

हसत की दमून, याचा निकाल लावणारं आता कुठे काही नव्हतं. तिसरा झेल की चौथा, हे त्याने टेप मागे फिरवून ठरवलं होतं. त्याने प्रयत्न म्हणून ते वाक्य पुन्हा म्हटलं, एकदा हसत, एकदा दमलेलं. दोन्ही त्याच्याच आवाजात आली. लेक म्हणाली, ‘राहू द्या.’

संध्याकाळच्या बसने ती गेली. जाताना तिने दारावरची फीत सोडवली. कालपासून ती बाहेरच्या कडीलाच होती. ती तिने खिळ्यावर टांगली नाही, पर्समध्ये टाकली. बाइंडरने बघितलं आणि मागितली नाही.

मग त्याने सूची उघडली. पेटी नऊ, कॅसेट चार. लाल शाईतलं खोडायचं नाही, हा बाइंडरचा नियम. कचेरीच्या वह्यांत खाडाखोड चालत नाही. त्याने खाली काळ्या शाईने ओळ वाढवली. बायको काय म्हणाली ते पाच-सहा शब्दांत मावलं. त्यापुढे त्याने स्वतःचंही लिहिलं, कारण नोंद पुरी असावी लागते: ‘शू.’ शाई वाळेपर्यंत तो वही उघडी ठेवून बसला, आणि मग खिडकीखाली जाऊन, अर्धवट राहिलेल्या एका प्रबंधाचा दोरा त्याने कात्रीने तोडला.